वीस गुणांचा नवरा

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत अर्ज बायकोच्या नावाने असेल, तर 1200 पैकी जास्तीत जास्त 20 गुण नवऱ्याच्या इंग्रजीला असतात. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी 5. आमच्या घरातले ते 20 गुण म्हणजे मी.

“अहो, तुम्ही फक्त आयल्ट्स द्या, बाकी मी बघते,” ही म्हणाली. मुलाचं इंग्रजी फर्डं आहे, असं लग्न ठरवताना आईने ठोकून दिलं होतं. त्याची तपासणी आता निघाली. मी मराठी माध्यमाचा, पाचवीत एबीसीडी गिरवलेला. सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं 2000 साली. तोवर माझं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ठाण्याला नौपाड्यात क्लास लावला. शिकवणाऱ्या बाई पंचविशीच्या. मी वाक्य बोललो की त्या खडू वर करून ओरडत, “काका, एस!” तृतीयपुरुषी क्रियापदाच्या त्या एसचं माझ्या तोंडात सकाळच्या लोकलला दिव्याच्या माणसाचं होतं तसं व्हायचं: दारापर्यंत येतो, आत शिरत नाही. थर्ड कंडिशनल मात्र रक्तातच निघालं. ‘दोन मिनिटं आधी निघालो असतो, तर गाडी मिळाली असती’ यातच डोंबिवलीकराचा जन्म जातो. गाडीत त्याचा सराव करताना एकदा कोपरच्या पुढे “इफ आय हॅड लिसन्ड टू माय फादर” असं जरा मोठ्यानेच निघालं. भजनवाल्यांनी टाळ थांबवले. “घरी सगळं ठीक ना, साहेब?”

लेखनात पहिलं काम पत्राचं, किमान 150 शब्द. सरावाचा विषय: शेजाऱ्याच्या आवाजाचा त्रास होतो, नम्रपणे कळवा. आमच्याकडे गॅलरीतून “अहो वरचे, टीव्ही!” म्हटलं की तीन शब्दांत काम होतं. उरलेले 147 आणायचे कुठून?

तोंडी परीक्षेत कार्ड आलं: तुमच्या आवडत्या शांत जागेबद्दल बोला. तयारीला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. फडके रोडवाल्याला हा प्रश्न! मिनिट जागा शोधण्यातच गेलं. शेवटी कल्याणच्या काळ्या तलावाची पहाट धरली. पण मला खोटं रेटता येत नाही. वर्णनात आधी हास्य क्लब शिरला, मग रिक्षा, मग रिक्षावाल्यांचं सुट्ट्या पैशांचं भांडण. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, ही जागा नक्की शांत आहे ना? मी म्हणालो, “ॲट नाइट, इट बिकम.”

एस बाहेरच राहिला.

बोलण्यात साडेसहा बँड आले, म्हणजे पाचातले 3 गुण. हिला आठ; पण ती काही बोलली नाही, नुसतं कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. निकाल दोन वर्षं चालतो, तेवढ्यात फॉर्म भरायचाय. तुमच्यापैकी कुणी या वाटेला जाणार असेल, तर पत्राचा सराव सोसायटीच्या सेक्रेटरींना गळतीबद्दल इंग्रजीत लिहून करा. उत्तर येणार नाही, पण 150 शब्द हमखास भरतात.