कोंढा की कोसरा?

निवृत्तीनंतर गावाकडे घर घ्यायचं, हे आमचं वीस वर्षांपूर्वीच ठरलं होतं. कोणत्या गावाकडे, एवढंच ठरायचं राहिलं होतं. माझं आजोळ भंडारा जिल्ह्यातलं, पवनी तालुक्यातलं. आजोळची माणसं 'कोंढा-कोसरा' एका दमात म्हणायची, त्यामुळे लहानपणी मला ते एकाच गावाचं नाव आणि आडनाव वाटायचं. तोंडातला खर्रा संपायच्या आत माणूस एका गावातून दुसऱ्या गावात पोचतो. पण घर घ्यायला निघालो आणि कळलं, की मधल्या त्या आडव्या रेघेवर माणसं जीव टाकतात.

'कोंढ्यात बघा जी, बाजार हाय, डाक्टर हाय,' कोंढ्याचे म्हणाले.

'कोसऱ्यात बघा जी, शांत हाय,' कोसऱ्याचे म्हणाले. पुढे हळूच, 'कोंढ्यावाल्यायले विचारू नोका.'

या भागाला मी बेटं म्हणतो, त्याला बायको हसते. गोव्यात नोकरी करणाऱ्या आमच्या भाच्यानं दिवाडी बेटावर भाड्याचं घर घेतलंय. तिथं जायला पूल नाही, मांडवी फेरीबोटीनं ओलांडावी लागते. त्याच्या मते तेच खरं बेट. त्यानं एकदा श्रावणात आमच्याकडे यावं. रोवणी आटोपलेली असते, बांध्या काठोकाठ भरलेल्या, धुऱ्यावरून एक पाय घसरला की घोट्यापर्यंत चिखल. मधूनच एखादी बोडी, तिच्यापलीकडे मामा तलाव. (मामा कोणाचाच नाही. माजी मालगुजारी तलावाचं सरकारी लघुरूप आहे ते.) आणि या सगळ्या पाण्यावर कवेलूची छपरं, दोन-चार चिंचा आणि देवळाचा कळस घेऊन एकेक गाव वर आलेलं. फेरीबोट तेवढी नाही. तिच्याऐवजी एसटी आहे, आणि तिचीही भरती-ओहोटी असते.

कोंढ्यातलं घर जुनं होतं. दार इतकं ठेंगणं, की घराला नमस्कार केल्याशिवाय आत जाता येत नाही. आत शेणानं सारवलेली ओसरी, कोपऱ्यात धानाची रिकामी ढोली, मागे सांदवाडीत पेरूचं झाड आणि विहीर. घरमालकानं विहिरीत बादली सोडून पाणी काढलं, स्वतः प्यायला, मग मला दिलं. एवढा चोख विक्रेता मी नागपुरात पाहिला नाही. भानगड कागदांची होती. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आजोबांचं नाव, आजोबांना पाच मुलं, आणि त्यातल्या दोघांचं आपसात बोलणं नाही.

कोसऱ्यातला प्लॉट मोकळा, चौकोनी, कागद स्वच्छ. समोर हिरवंगार शेत. मी तो एप्रिलमध्ये पाहिला आणि तिथंच आरामखुर्ची मांडून टाकली, मनातल्या मनात.

मग मी वही काढली. पूररेषा, रस्ता, दवाखाना, सावली, असे रकाने पाडले आणि दोन्ही गावांना गुण देऊ लागलो. ऑफिसात तीस वर्षं हेच केलं होतं. बेरीज दोन्हीकडे एकोणतीस आली. बायकोनं वही उघडलीच नाही. तिची कसोटी एकच: शेजारीण भाजीला फोडणी देते तेव्हा वास इकडे येतो का. कोंढ्यात आला. कोसऱ्याच्या प्लॉटला अजून शेजारीणच नव्हती.

चहाच्या टपरीवर एक म्हातारबा आमचं बोलणं ऐकत बसले होते. त्यांचं मूळ गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलेलं. त्या धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ ला केलं. पुढे वैनगंगेवर ३३ दरवाजे उभे राहिले, पाणी चढत गेलं आणि काठची गावं उठून पुनर्वसनाच्या गावठाणात आली. म्हातारबांनी बशीतला चहा संपवला. 'तुमी दोन गावं पाहून रायले,' ते म्हणाले, 'आमाले तं नकाशावरच निवडून देल्लं.' मग स्वतःच विषय बदलून मला विचारलं, 'पण तुमाले घर घ्याचं हाय का गाव घ्याचं हाय?'

या प्रश्नाला माझ्या वहीत रकाना नव्हता.

घर निवडण्याच्या बाबतीत या भागात मला एकाचाच हेवा वाटतो, तो म्हणजे जय वाघाचा. नागझिऱ्यात जन्मला, जागा पुरेना म्हणून रस्ते, शेतं, नदी ओलांडत थेट उमरेड-करांडला अभयारण्यात येऊन राहिला. वही नाही, नमुना आठ नाही, मेहुण्याचा सल्ला नाही. २०१६ साली तो दिसेनासा झाला तेव्हा गळ्यात रेडिओ कॉलर होती, तरी पत्ता लागला नाही. म्हणजे पत्ता असला की माणूस सापडतोच, असंही नाही.

ऑगस्टमध्ये बायको म्हणाली, एकदा पावसात पाहून येऊ. मला वाटलं, सहल होईल. कोसऱ्याच्या प्लॉटपाशी पोचलो तर मी मनात आरामखुर्ची मांडली होती तिथं बेडूक बसला होता. अख्ख्या चौकोनात गुडघाभर पाणी, कडेनं शेवाळ, आणि एक पोरगा गळ टाकून उभा. 'इथं पयले बोडी होती जी,' तो म्हणाला, 'बुजवली.' विकणाऱ्यानं एप्रिलमध्ये हे सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. कोंढ्यातल्या घरी गेलो. कवेलूतून दोन ठिकाणी गळत होतं, खाली पातेली लावली होती, पण ओसरी कोरडी होती. पाच भावांपैकी तीन घरी होते आणि ज्यांचं बोलणं नव्हतं त्यातला एक आमच्यासाठी चहा ठेवत होता.

इसार अजून दिलेला नाही. आजोबांचं नाव नमुना आठवरून उतरायला पाच सह्या लागतात, त्यातल्या तीन झाल्या आहेत. वाचकांपैकी कोणी दिवाळीनंतर मंडईच्या निमित्तानं त्या बाजूला जाणार असेल आणि उरलेल्या दोघा भावांना एका ओसरीवर बसवून चहा पाजू शकत असेल, तर कृपया कळवावं. चहापत्ती आम्ही देऊ.