शिक्का ठळक आला पाहिजे

जळगावच्या मेहरूणमध्ये निवृत्त प्राध्यापकाकडे दोन कामं असतात. सकाळी तलावाला चक्कर मारायची आणि परत आल्यावर ओट्यावर जो कोणी बसलेला असेल त्याला इंग्रजीत अर्ज लिहून द्यायचा. विजेच्या बिलाची तक्रार, पासपोर्टवरचं स्पेलिंग, सुनेच्या बदलीची विनंती, सगळं आमच्या हाताखालून जातं. यंदा त्यात सिनेमाची भर पडली. गल्लीतल्या आप्पांच्या नातवाला सिनेमा शिकायचाय.

आप्पांची हयात डाळीच्या व्यवहारात गेली. सिनेमा ही पाहायची वस्तू आहे, शिकायची नाही, असं त्यांचं मत. पण नातू एकुलता एक. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं नाव निघालं तेव्हा मी त्यांना समजावलं, की ही सरकारी संस्था आहे, १९६० साली प्रभातच्या जुन्या स्टुडिओत सुरू झाली, तिथे लेखी परीक्षा आणि मुलाखत असते, ओळखीची चिठ्ठी चालत नाही.

आप्पा गंभीर झाले. म्हणाले, "चिठ्ठीसुद्धा चालत नाही? मग ओळख केवढी मोठी लागत असेल!"

त्यामुळे पुढे नातवाने काढलेल्या अमेरिकेतल्या फिल्म स्कूलच्या अर्जात तीन शिफारसपत्रं जोडा असं स्पष्ट लिहिलेलं पाहून त्यांना त्या देशाबद्दल एकदम आपुलकी वाटली. माणसं आपल्यासारखीच निघाली. संध्याकाळपर्यंत त्यांची यादी तयार: आमदारांचे पीए, आपल्या वॉर्डाचे नगरसेवक, आणि एक निवृत्त फौजदार. फौजदार कशाला, असं मी विचारलं. "पोराच्या नावावर काही गुन्हा नाही हे कोणी सांगायला नको?"

नगरसेवकांचं पत्र तर दुसऱ्याच दिवशी आलं. आमच्याकडे पत्र मजकुरावरून नाही, लेटरहेडवरून वाचतात. वरच्या बाजूला तीन नेत्यांचे फोटो, खाली पदं, माजी पदं, संभाव्य पदं. हे सगळं झाल्यावर उरलेल्या चार बोटं जागेत लिहिलं होतं, की सदर इसम आमच्या प्रभागातील रहिवासी असून आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याखाली जांभळा शिक्का.

घोडं अडलं फॉर्मच्या पहिल्याच प्रश्नावर. 'आपण अर्जदाराला किती काळापासून आणि कोणत्या नात्याने ओळखता?' हा प्रश्न परदेशी लोकांनी मुद्दाम आपली अडचण करायला घातलेला आहे, अशी आप्पांची खात्री आहे. नगरसेवकांनी पोराला एकदाच पाहिलं होतं, गणपतीत, तलावावर विसर्जनाच्या गर्दीत. आणि तेव्हा पोरगं त्यांचं नव्हे, त्यांच्यामागे उभ्या असलेल्या फुगेवाल्याचं शूटिंग करत होतं.

मग पोराने कॉलेजातले इंग्रजीचे सर गाठले. सर सज्जन. ताबडतोब हो म्हणाले आणि ताबडतोब पुढचं वाक्य म्हणाले, जे आपल्या राज्यात पिढ्यान्पिढ्या म्हटलं जातंय: "तूच लिहून आण, मी सही करतो."

आता गंमत बघा. त्या फॉर्मवर आणखी एक चौकट असते. १९७४ च्या अमेरिकन कायद्याने विद्यार्थ्याला तिथे दाखल झाल्यावर आपल्याबद्दलची कागदपत्रं पाहायचा हक्क आहे. तो हक्क मी सोडतो, असं अर्जदाराला आधीच लिहून देता येतं. म्हणजे शिफारस करणाऱ्याला मोकळेपणाने लिहिता येतं. पोराने तिथे बरोबरची खूण केली. रात्री जागून स्वतः लिहिलेलं पत्र, ते कधीही पाहणार नाही असं वचन देऊन टाकलं. आप्पांचा आक्षेप वेगळाच होता. "फी आपण भरायची आणि पत्र आपण पाहायचं नाही? असा कोणता व्यवहार असतो?"

बरं, स्वतःबद्दल लिहायचं म्हटल्यावर पोरगं अडखळलं आणि माझ्याकडे आलं. जुना नमुना आहे का, विचारलं. आहे ना. आमच्या स्टाफरूममध्ये एकच मजकूर होता, तो माझ्या आधीपासून होता आणि माझ्यानंतरही असणार: मुलगा प्रामाणिक, कष्टाळू, आज्ञाधारक असून त्याचं चारित्र्य उत्तम आहे. या मजकुरावर डॉक्टर झाले, तलाठी झाले, एकाची सोयरीकही जमली. 'वर्गात कधी मान वर करून पाहिलं नाही' हे आमच्याकडे कौतुक. तेच फिल्म स्कूलला कळवलं तर ते म्हणतील, मान वर करून पाहत नाही तो कॅमेऱ्यातून काय पाहणार?

वास्तविक शिफारस कशी करावी याचे दाखले आपल्याकडे कमी नाहीत. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे आंबेडकरांच्या शाळेतले मास्तर नव्हते, ते विल्सन हायस्कुलातले. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसलेला दिसतो, एवढीच मूळ ओळख. त्या ओळखीवर त्यांनी त्याला सयाजीराव महाराजांपर्यंत नेलं. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर तो मुलगा कोलंबिया विद्यापीठात पोचला. पुढे लंडनला जायचं ठरलं तेव्हा कोलंबियाच्या सेलिग्मन सरांनी तिथल्या फॉक्सवेल सरांना पत्र दिलं. 'कोणत्या नात्याने' या चौकटीत केळुसकरांनी काय भरलं असतं? बागेतल्या बाकाच्या नात्याने.

आणि अगदी आपल्या जळगावचं म्हणाल तर बहिणाबाई. आसोद्याच्या लेकीच्या ओव्या वहीत होत्या, मुलगा सोपानदेव स्वतः कवी; पण आपल्याच आईची शिफारस करायची कशी, हा त्याचा संकोच. ती वही गेली आचार्य अत्र्यांकडे. बाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या, पुस्तक आलं १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. अत्रे त्या बाईंना ओळखत नव्हते. वही वाचली, एवढंच. आज इथल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. हे मी आप्पांना सांगितलं. ते विचारात पडून म्हणाले, "पण अत्रे आमदारही होते ना?" होते. इथे मी वाद सोडला.

पोराला खरोखर ओळखणारा माणूस शेवटी निघाला आमचा लग्नाचा शूटिंगवाला. तीन सीझन पोरगं त्याच्या हाताखाली होतं. लाइट धरायचा, वायर गुंडाळायच्या, वऱ्हाडाला "जरा मागे व्हा" म्हणायचं. शूटिंगवाला माझ्या ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "सर, इंग्लिश आपल्याला जमत नाही. मी सांगतो, तुम्ही लिहा. पोरगं एक नंबर आहे, पन ऐकत नाही."

पुढे त्याने सांगितलेलं असं. एका लग्नात दुसरा कॅमेरा पोराकडे होता. मंगलाष्टकं चालू होती, सगळ्यांचे मोबाइल स्टेजकडे, आणि हे महाराज मांडवाच्या मागच्या बाजूला. तिथे वधूपिता, ज्यांना साखर बंद, ते बाजूच्या कनातीला पाठ लावून गुलाबजाम खात होते. एक संपला, इकडेतिकडे पाहिलं, दुसरा उचलला. मग स्टेजवरून मंगलाष्टकांचा शेवट ऐकू आला तसा हातातला टाकून न देता तोंडात कोंबला आणि डोळे पुसत लेकीकडे पळाले. अक्षता टाकताना ते रडत होते की ठसका लागला होता, हे त्या क्लिपवरून अजून ठरलेलं नाही. शूटिंगवाल्याने पोराचे त्या दिवसाचे पैसे कापले. महिन्याभराने मुलीकडच्यांचा फोन आला: अल्बम राहू द्या, ती क्लिप आधी पाठवा. "पैसे मी दिले मग त्याला," शूटिंगवाला घाईने म्हणाला, "ते पन लिहा."

मी सगळं लिहिलं. 'ऐकत नाही' हे सुद्धा. आप्पांनी त्या वाक्यावर बोट ठेवून खोडायला सांगितलं. मी म्हटलं, आप्पा, एवढ्या एका वाक्यावर ॲडमिशन होईल.

तिसरं पत्र बँकेत नोकरी करून राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं बसवणाऱ्या एका दिग्दर्शकाचं. हा माणूस म्हणाला, "लिहीन. पण दाखवणार नाही." अख्ख्या जिल्ह्यात त्या अमेरिकन कायद्याचं तंतोतंत पालन करणारा हा एकटाच, आणि सगळं घर घाबरलं ते यालाच. आप्पांनी बँकेत जाऊन मुदतठेव ठेवायची तयारी दाखवली. त्याने ठेव घेतली, पत्र दाखवलं नाही.

आता इंग्रजीच्या सरांची भानगड उरली होती. फॉर्मची लिंक जाते कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर, आणि त्याचा पासवर्ड एका क्लार्ककडे, जो मार्चमध्ये रिटायर होऊन मुलाकडे सुरतला गेला. त्याला फोन लावून पासवर्ड मिळवला. सरांनी चौकटी भरल्या. विद्यार्थी वरच्या एक टक्क्यात बसतो, पाच टक्क्यांत की दहा? सर हिशेबी माणूस, म्हणाले, "वर्गात नियमित येणारेच दहा जण, मग एक टक्का म्हणजे कितवा हिस्सा धरायचा?" शेवटी पाच टक्क्यांवर तडजोड झाली. अर्धा विद्यार्थी.

रात्री अर्ज पाठवायला बसलो तेव्हा खाली आणखी एक चौकट दिसली. चौथं पत्र, ऐच्छिक. पोरगं म्हणालं, राहू द्या रिकामी. आप्पांनी आयुष्यात कुठल्या कागदावर रिकामी जागा सोडलेली नाही. त्यांनी नगरसेवकांचं पत्र खिशातून काढलं, स्वतः स्कॅन करून आणलं आणि चढवलं. त्यात पोराचं आडनाव चुकलंय. शिक्का मात्र ठळक आलाय.