मोजून वाचायचं हिब्रू शास्त्र: नवशिक्यांसाठी

साहित्य: शंभर पानी वही, पेन्सिल, खोडरबर. खोडरबर मोठा घ्यावा.

कर्वेनगरात बसून हे उद्योग कशाला, असं शेजारी विचारतीलच. त्यांना शांतपणे सांगावं की महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. रमाबाई १९२२ साली गेल्या, ग्रंथ १९२४ साली निघाला. शेजारी चहा न घेता जातो.

आता बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाची पहिली ओळ मोजा. हिब्रू शब्द सात, अक्षरं २८, म्हणजे चार साते. दुसऱ्या ओळीत शब्द १४. इथे नवशिक्याचे डोळे चमकतात. त्याने लगेच वही मिटावी, नाहीतर राजाराम पुलावरच्या गाड्यांच्या नंबरांतही साते दिसू लागतील. मायकल ड्रॉझ्निन यांनी १९९७ साली बायबलातली अक्षरं ठरावीक अंतराने उचलून भाकितं काढली. ब्रेंडन मॅके या गणितज्ञाने तीच युक्ती 'मोबी डिक' कादंबरीवर चालवली, तर १८५१ च्या त्या पुस्तकात इंदिरा गांधींची हत्यासुद्धा निघाली!

साते पचले की अकारविल्हे रचनेकडे वळा. बायबलातलं ११९ वं स्तोत्र: हिब्रू वर्णमालेची बावीस अक्षरं, प्रत्येकाने सुरू होणाऱ्या आठ ओळी, एकूण १७६. मराठी माणसाने दचकू नये. प-फ-ब-भ-म वर्ज्य करून, म्हणजे 'राम' न म्हणता, निरोष्ठ रामायण रचणारे मोरोपंत आपल्याच घरचे.

विलापगीतापाशी मात्र घाई नको. इ.स.पू. सहाव्या शतकात बाबेलच्या फौजांनी यरुशलेम उद्ध्वस्त केलं, त्यावरची ही पाच शोकगीतं. पहिलं, दुसरं, चौथं: बावीस-बावीस कडवी, अक्षरांच्या ओळीने. तिसऱ्यात एकेका अक्षराला तीन, म्हणून ६६. पाचव्यात पुन्हा २२, पण अक्षरक्रम गायब. मोजमाप शाबूत, ओळ मोडलेली. कवी कंटाळला असेल, असं म्हणायची सोय आहे. मला ते पटत नाही. कंटाळलेला माणूस बावीसवर नेमका थांबत नाही. शोक करताना त्याने वर्णमालेचा कठडा धरला होता, तो शेवटच्या गीतात सोडला, असंच मी समजतो.

मराठीत अक्षरक्रम दिसणार नाही, कडव्यांचे आकडे दिसतील. विलापगीत जेमतेम अर्ध्या तासाचं आहे. पाचही गीतं एका बैठकीत वाचा, आणि पाचव्याच्या वेळी पेन्सिल खाली ठेवा.