टायर बरे आहेत

जुनी गाडी घ्यायची तर सोबत जाणकार न्यावा, हा आमच्या घराण्याचा नियम. आमचे जाणकार म्हणजे ढोकाळीचे मिस्त्री. बॉनेटला कान लावणार, सायलेन्सरमध्ये बोट फिरवून काजळी बघणार, "ऑइल पितेय" असं पुटपुटणार; तेवढ्यावर विकणारा गार. पण ठाण्यातल्या कोलशेतला त्यांना दाखवली ती इलेक्ट्रिक नेक्सॉन, 2020 सालची. मिस्त्री सवयीने मागे वाकले, बोट पुढे केलं आणि ते हवेतच राहिलं. सायलेन्सरच नाही. कान लावला तर आत सामसूम. शेवटी टायरला लाथ मारून म्हणाले, "टायर बरे आहेत."

पूर्वी क्लॅरिअंटचा कारखाना होता, तिथल्या टॉवरमधल्या एका भाऊंची ही गाडी. गाडीला सर्टिफिकेट नाही, शब्द आहे. "घरचीच समजा."

आमच्या हिला नुसता शब्द नको होता, म्हणून सर्टिफाइड गाड्यांच्या एका चकचकीत दुकानात गेलो. आधी कॉफी आली, मग दोनशे मुद्द्यांचा तपासणी अहवाल. वायपर उत्तम, हॉर्न उत्तम, डिकीतली चटईसुद्धा उत्तम. बॅटरीपुढे हिरवी खूण. "पण किती टक्के उरलीय?" असं विचारल्यावर मुलगा म्हणाला, "सर, हिरवी आहे ना!" वॉरंटी होती, पण वापराने बॅटरी क्षीण झाली तर ती लागू नाही, असं बारीक अक्षरांत होतं. म्हणजे चटई सुरक्षित. रांगेतल्या एका गाडीच्या हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं होती. पांढरी असती तर खासगी, पिवळी म्हणजे ती भाड्याने धावलेली. तिचीही चटई उत्तमच असणार.

डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद बसली आणि वापरलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांवर व्यापाऱ्याच्या नफ्यावर 18 टक्के कर ठरला. एका घरातून दुसऱ्या घरात गाडी गेली तर हा कर नाही. ही म्हणाली, "म्हणजे हिरव्या खुणेवर कर आणि शब्द करमुक्त."

सर्टिफिकेटचंच म्हणाल तर हापूसलाही 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या यादीत आपला ठाणे जिल्हाही आहे. तरी आपण पेटी हुंगूनच घेतो. बॅटरीचं तसं नाही. तिचा वास आला तर गाडीपासून लांब पळायचं असतं.

नेक्सॉनच्या बॅटरीला कंपनीची 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी, त्यामुळे 2028 पर्यंत श्वास घेता येतो. अर्थात कागद सर्व्हिस सेंटरमधून तपासून. हल्ली काही कंपन्या आजीवन वॉरंटी देतात, पण पहिल्या मालकालाच. गाडी विकली की आजीवन संपलं.

खरा अहवाल निघाला भाऊंच्या घरी. सोसायटीने पार्किंगमध्ये वेगळा मीटर बसवलेला, आणि बिलात कोणी फसवू नये म्हणून वहिनी प्रत्येक चार्जिंग वहीत लिहीत होत्या: किती टक्क्यांपासून, किती टक्क्यांपर्यंत, युनिट किती. 20 पासून 100 पर्यंत साधारण 25 युनिट. चार्जिंगमध्ये वाया जाते ती वीज वजा करून मी गणित मांडलं. नवी असताना 30.2 किलोवॅट-तासांची बॅटरी, अजून 27 च्या वर. मिस्त्रींनी वही हातात घेतली, चष्मा लावला आणि मे महिन्याच्या पानावर बोट ठेवलं. "इथे रोज चार्जिंग. का?"

"एसी," वहिनी म्हणाल्या. "आणि घोडबंदर रोडची कोंडी."

त्यावर कोणाकडेच प्रश्न नव्हता.

सौदा ठरला. मी आरसी, इन्शुरन्स, दोन्ही किल्ल्या घेतल्या आणि वहीसाठी हात पुढे केला. वहिनींनी ती पदराआड घेतली. मागच्या पानांवर भिशीचा हिशेब होता. म्हणाल्या, "फोटो काढा हवं तर. पण पुढच्या पानांचेच."