विलंबाच्या अभिनंदनाचा ठराव

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या व्हिडिओ गेमचा पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ रोजी आला. सहाव्यासाठी आधी २०२५ साल सांगितले, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. इतक्या सातत्याने तारखा पुरवणाऱ्या रॉकस्टार गेम्स कंपनीचे वर्धेकर चाहत्यांतर्फे हार्दिक अभिनंदन.

या विषयावर बोलण्याचा आमच्या जिल्ह्याला अधिकार आहे. २८४ किलोमीटरचा वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्ग २००८-०९ च्या अर्थसंकल्पातला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा वर्धा–कळंब एवढा तुकडा सुरू झाला. कंपनीने हेच धोरण स्वीकारावे. खेळातली पहिली गल्ली तूर्त उघडावी, हिरवी झेंडी दाखवावी. उरलेले शहर भूसंपादनानंतर.

चाहत्यांची अवस्थाही ध्यानी घ्यावी. पाचव्या भागाच्या वेळी दहावीत असलेली पोरे आता लेकराला बालवाडीत सोडायला जातात. खेळ आला, तर नवा कन्सोल घ्यावा लागेल, बायकोला त्याची खरी किंमत सांगावी लागेल आणि ट्रेलरचे एकेक दृश्य तपासत रात्र जागवण्याचा उद्योगही बुडेल. त्यामुळे तारीख पुढे गेली की ते आधी शिव्या घालतात, मग निवांत झोपतात.

यापुढे मुदतवाढ एकदम पंधरा वर्षांचीच द्यावी, म्हणजे आगाऊ नोंदणी थेट लेकराच्या नावाने करता येईल.

आणि खेळ ठरल्या दिवशी आलाच, तर आमचा अभिप्राय तयार आहे: “पाचवाच बरा होता बाप्पा, यायनं उगीच घाई केली!”