डेमो ऐकल्याशिवाय जायचं नाही

जळगावात कुणाकडे चहाला गेलात आणि यजमानांनी दंडाला धरून सोफ्याच्या बरोबर मध्यावर बसवलं, की ओळखावं, हे स्पीकरवाले भाऊ. दोन्ही स्पीकर कानांपासून सारख्या अंतरावर हवेत, म्हणून सरकायचं नाही. कपासाठी वाकलात, की "राहू द्या, आधी डेमो होऊ द्या."

स्पीकर अर्थातच घरचे. कॅबिनेट सुताराकडून, कॉइलची तांब्याची तार मोटर रिवायंडिंगवाल्याकडून, आणि ती गुंडाळलेली शेतातल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर. "जाड आवाज वूफरला, बारीक ट्वीटरला. वाटणी करतो तो क्रॉसओव्हर!" 8 ओहमचे ड्रायव्हर, 2500 हर्ट्झला वाटणी, तर साध्या हिशेबात ट्वीटरला 8 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि वूफरला अर्ध्या मिलिहेन्रीची कॉइल. हे गणित जावयालाही पहिल्याच भेटीत ऐकावं लागलं. पण साध्यावर भागलं तर ते भाऊ कसले! लिंक्विट्झ-रायलीची, दर सप्तकाला 24 डेसिबलने उतरणारी वाटणीच हवी. भावकीत शेताची वाटणी एका बैठकीत उरकली. आवाजाची अजून चालू आहे. म्हणून कॅबिनेटच्या मागच्या फळीला स्क्रू कधी लागत नाहीत.

डेमोला गाणं ठरलेलं: एकटा गळा, एक गिटार. परदेशातल्या बड्या ऑडिओ प्रदर्शनांतही डेमोवाल्यांचा ओढा अशाच गाण्यांकडे असतो. त्यात स्पीकरची लाज राहते. पाहुण्याने लग्नातलं अहिराणी गाणं मागितलं, की भाऊ विषय बदलतात. ताशा, झांज आणि बँड एकदम सुरू झाले, की वूफर-ट्वीटरचा सांधा उघडा पडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. ठरलेलं गाणंही अंतऱ्यापर्यंत पोचत नाही. या घरात आजवर कुणी पूर्ण गाणं ऐकलेलं नाही.

धुळ्याचे साडू एकदा सुटकेच्या आशेने "छान!" म्हणाले. भाऊ उखडले. "छान काय? मुद्दाम ट्वीटरच्या तारा उलट्या जोडल्या होत्या! 2500 ला एवढा खड्डा पडला, कळला नाही?"

"भो, आग्रा रोडनं गाडी चालवणारा माणूस मी. खड्डा कसा कळेल?"

तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला. "भरीत गार होतंय. येताय, की झाकून ठेवू?"

भाऊंनी डोळे मिटले, बोट वर केलं. "ऐकलंत? आज मिड जरा पुढे येतोय."