ब्राउझरचं सोवळं

ब्राउझर खोटं बोलतो, तेही प्रत्येक पान उघडताना. क्रोम एखाद्या संकेतस्थळाच्या दारात उभा राहिला की आधी सांगतो, मी मोझिला. मग म्हणतो वेबकिट, मग केएचटीएमएल पण गेकोसारखा, मग क्रोम, आणि जाता जाता सफारीसुद्धा. खरं नाव कुठेतरी मधेच.

हे सोंग नव्वदच्या दशकातलं. मोझिला हे नेटस्केपचं टोपणनाव. ते ऐकल्याशिवाय काही संकेतस्थळं फ्रेमवालं चांगलं पान देतच नसत. मग इंटरनेट एक्स्प्लोररने आपणही मोझिला असल्याची बतावणी केली आणि पानं पदरात पाडून घेतली. पुढे आलेल्या बहुतेकांनी तेच केलं. नेटस्केप कधीच गेला. त्याचं नाव मात्र अजून बहुतेक सगळे लावतात.

ब्राउझर खोटं बोलायचे, तर पानं लिहिणारे टॅग अर्धवट सोडायचे, आणि ब्राउझर तेही चालवून घ्यायचे. या भोंगळपणाला कंटाळून २००० साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने पानं लिहिण्यासाठी एक्सएचटीएमएल १.० आणलं. कडक सोवळं! पान खऱ्या एक्सएमएलच्या रूपात पाठवलं आणि एक टॅग बंद करायचा राहिला, की सगळंच ओवळं. फायरफॉक्स मजकुराऐवजी पिवळ्या पडद्यावर चूक कुठल्या ओळीत आहे ते ऐकवायचा. वाचकाला बिचाऱ्याला त्या ओळीशी काय देणंघेणं? शिवाय इंटरनेट एक्स्प्लोररला हे रूप २०११ पर्यंत कळतच नव्हतं. म्हणून बहुतेकांनी माथ्यावर एक्सएचटीएमएल लिहिलं आणि पाठवलं साधं एचटीएमएल म्हणून. सोवळं नेसायचं आणि मिसळ खायला जायचं, त्यातला प्रकार.

२००४ मध्ये ॲपल, फायरफॉक्सवाली मोझिला आणि ऑपेराच्या मंडळींनी व्हॉटडब्ल्यूजी हा गट काढला आणि उलटी वाट धरली. लोक चुकणारच, तर चुकलेलं पान सगळ्या ब्राउझरांनी एकसारखं कसं सावरायचं, तेच नियम करून लिहून ठेवलं. माझ्या मते वेबवरचं हे सर्वात शहाणपणाचं काम. त्यातलं माझं लाडकं कलम पानातल्या सगळ्या घटकांची यादी देणाऱ्या 'डॉक्युमेंट डॉट ऑल'चं. जुन्या पानांसाठी ते ठेवलंय. पण 'तू आहेस का?' असं विचारलं की ते 'नाही' म्हणतं, आणि काम सांगितलं की निमूट करतं. जावास्क्रिप्टचा नियम इथे जाणूनबुजून मोडला आहे, अशी कबुली एके काळी खुद्द मानकातच छापली होती. इतका प्रामाणिक नियमभंग सरकारी कागदात शोधून सापडायचा नाही.

काटेकोर एक्सएचटीएमएल २ चं काम २००९ मध्ये गुंडाळण्याचं ठरलं. सर्नचं वेबवरचं ते पहिलंवहिलं पान मात्र आजच्या फोनवरही उघडतं, आणि त्यात पान कुठल्या नियमांनी वाचायचं ते सांगणारी डॉक्टाइपची ओळसुद्धा नाही. त्याला ती माफ आहे. तेव्हा ती पद्धतच नव्हती. तुम्ही आज नवं पान लिहायला बसलात, तर मात्र ती पहिल्याच ओळीत घाला.